पत्र्याखालचं फाइव्ह जी

बायको गेली त्या दिवशी माझी पोरगी कुवेतला होती. तिथं ती दवाखान्यात नर्स आहे. दिवस उन्हाळ्याचे. तिला विमान मिळून ती येईपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. मग मेव्हण्यानं अंगणात उभं राहून तिला फोनवर आईचं तोंड दाखवायचं ठरवलं. फोन लागला. पोरीला अंगणातल्या शेडचा लोखंडी खांब दिसला, माझी पाठ दिसली, आणि चित्र तिथंच थिजलं. इकडून आम्ही "दिसतंय का" म्हणून ओरडतोय, तिकडून ती म्हणतेय, "मामा, आई दाखवा." आवाज तुटत तुटत आला, मग तोबी गेला. आम्ही तिच्या आईला उचललं. पोरीला शेवटपर्यंत माझी पाठच दिसली.

पोरगी याबद्दल परत कधी बोलली नाय. पण मला ठाऊक होतं.

वर्ष भरत आलं तसं पुण्यानुमोदनाचं बघावं लागलं. आम्हा बौद्धांत माणूस जाऊन वर्ष झालं की गणगोत जमतं, सगळे मिळून वंदना म्हणतात, गेलेल्या माणसाच्या आठवणी काढतात, मग जेवण. पोरीला यावेळीबी सुट्टी नव्हती. दवाखाना बदललेला, नवा करार. फोनवर म्हणाली, "अप्पा, मी फोनवरच बसते तुमच्यासोबत. फक्त यावेळी नीट दिसू द्या."

"दिसल," मी म्हणालो. बोलून तर बसलो. कसं दिसल ते मलाच माहीत नव्हतं.

माझा फोन जुना होता, वर फोर जी लिहून यायचं. सगळे म्हणायचे, आता फाइव्ह जी आलंय, तुम्ही अजून बैलगाडीत बसलाय. म्हणून मी गुलमंडीच्या बाजारात गेलो. तिथं कपड्याच्या दुकानांच्या मधी एक ओळखीचा मोबाईलवाला आहे. त्यानं नवा फोन माझ्या हातात ठेवला.

"चाचा, ये लेके जाव. फाइव्ह जी है. पलक झपकी के पिक्चर उतरा."

"मला पिक्चर नाय बघायचा. पोरगी दिसली पायजे."

"बेटी भी दिखेगी, दामाद भी दिखेगा."

"जावई नाय अजून."

"तो वो भी इसी में ढूंड लेंगे."

त्यानं फोनवर एक काटा पळवून दाखवला, गाडीच्या मीटरसारखा. काटा एकदम टोकाला जाऊन टेकला. मी आयुष्यभर कारखान्यात मीटर बघितलेत, काटा टोकाला गेला की माझा विश्वास बसतो. फोन घेतला.

घर माझं चिकलठाण्यात, कंपन्यांच्या मागच्या वस्तीत. विमानतळ जवळ, डोक्यावरून विमानं जातात. बायको विमान गेलं की वर बघायची आणि म्हणायची, यातून एक दिवस आपली पोरगी उतरल. आता मी एकटाच वर बघतो.

संध्याकाळी अंगणात शेडखाली बसून पोरीला फोन लावला. फोनच्या कोपऱ्यात फाइव्ह जी लिहिलेलं स्पष्ट दिसत होतं. पोरगी आली, हसली, आणि हसता हसता अडकली. तोंड अर्धं उघडं. मग तो गोल चक्कर फिरायला लागला. जुन्या फोनवर फिरायचा तसाच. नव्या फोनवर तो फक्त जास्त चकचकीत फिरत होता.

शेजारचा माझा जुना दोस्त भिंतीवरून बघत होता. तो आमच्या कंपनीच्या बसवर ड्रायव्हर होता आणि मी पत्र्याच्या खात्यात मिस्त्री. अजून तो मला मिस्त्री म्हणतो, मी त्याला ड्रायव्हर.

"काय मिस्त्री, पोरगी पुतळा झाली का?"

"फाइव्ह जी दाखवतंय की रे. मग अडकतंय कशाला?"

"अरे, मला कंपनीनं नवी बस दिली होती, आठवतं का? लई जोरात पळायची. पण संध्याकाळी सगळ्या कंपन्या सुटल्या की जालना रोडवर तीच बस अन् तीच बैलगाडी. आता बघ, सगळ्या पाळीची माणसं घरी आली, सगळे फोन घेऊन बसले. तुझं फाइव्ह जी काय उडून येणार व्हय?"

ड्रायव्हरचं बोलणं तिखट असतं पण यात दम होता. मी दुसऱ्या दिवशी सकाळी, माणसं कामावर गेल्यावर फोन लावला. कालच्यापेक्षा बरं चाललं, खोटं कशाला बोलू. पण मधी मधी अडकायचंच. पोरगी मला दिसायची, मी तिला दिसत नव्हतो. म्हणाली, "अप्पा, तुमचे डोळे दिसतच नाहीत. चेहऱ्यावर नुसते चौकोन येतात."

"मला तर तू चांगली दिसते."

"तुम्हाला मी दिसते ते वरून खाली उतरतं. मला तुम्ही दिसायचे तर तुमच्याकडून वर चढावं लागतं. चढायची वाट वेगळी असते. तिथंच तुमचं कमी पडतंय."

गुलमंडीच्या काट्यानं मला उतरायचा वेग दाखवला होता. माझं काम चढायचं होतं. हे त्या दुकानदारानं सांगितलं नाय आणि मीबी विचारलं नाय. मला कुठं ठाऊक होतं की याला दोन वाटा असतात?

मग मी काही दिवस तेच करत बसलो. घरात लाव, रस्त्यावर लाव, विहारापाशी लाव. बायको गेल्यापासून दिवस मोठे झाले होते, हे एक काम मिळालं. माझ्या ध्यानात आलं ते असं. कुणाचा निरोप आला, कुणी चार ओळी पाठवल्या, तर जुन्या अन् नव्या फोनमधी मला काडीचा फरक दिसला नाय. रस्त्यावर मोकळ्यात उभं राहिलं तर नवा फोन खरंच पळायचा. घरात, अंगणात आलं की दोन्ही सारखेच आळशी. म्हणजे फाइव्ह जी खोटं नव्हतं. ते माझ्या घरात येत नव्हतं.

कशामुळं, ते मला देवगाव रंगारीला कळलं. बायकोचं माहेर ते. मेव्हण्याला कार्यक्रमाचं आमंत्रण द्यायला गेलो होतो. आमंत्रण फोनवरबी झालं असतं, पण बहिणीच्या कार्यक्रमाचं भावाला तोंडानं सांगावं लागतं. तो शेतावर होता. बांधावर उभा राहून म्हणाला, "दाजी, भाचीला लावा की फोन, मलाबी बोलू द्या."

मी म्हणालो, "इथं काय लागणार? फोर जीच दाखवतंय."

"लावून तर बघा."

लावला. तर काय, पोरगी समोर बसल्यासारखी. आणि तिकडून म्हणते, "अप्पा, दाढी का वाढवलीत? मामा, तुम्ही केस काळे केलेत ना?" मेव्हणा लाजला. फोर जीवर तिला माझी दाढी दिसली आणि शहरात फाइव्ह जीवर माझे डोळे दिसत नव्हते. मी चक्रावलो.

ऊन लागत होतं म्हणून बोलत बोलत मी मेव्हण्याच्या कापूस ठेवायच्या पत्र्याच्या खोपटात शिरलो. पाऊल आत टाकलं आणि पोरगी थिजली. बाहेर आलो, हलली. परत आत गेलो, थिजली. मेव्हणा म्हणाला, "दाजी, काय खेळ लावलाय?"

मी खोपटातच खाली बसलो. मला आमचं अंगण दिसलं. अंगणावर शेड मीच केली होती, निवृत्त झाल्यावर, चांगल्या जाड पत्र्याची. बायको तिथं दगडावर धुणं धुवायची आणि दुपारनंतरचं ऊन नेमकं तिच्या पाठीवर यायचं. मी अँगल कापले, जोडले, वरून पत्रा टाकला, कडेनंबी पत्रा लावला. तिला लई आवडली होती. बायांना बोलावून दाखवायची, म्हणायची, आमच्या मिस्त्रीनं मला कंपनी बांधून दिली. आणि त्याच शेडखाली तिला ठेवलं होतं त्या दिवशी. पोरीला तिथंच दिसली नाय ती.

पत्र्यातून पाणी जात नाय हे मला माहीत होतं. फोनचं ते काय असतं, तेबी जात नाय, हे त्यात जन्म काढलेल्या माणसाला माहीत नव्हतं.

कार्यक्रमाच्या आधी मी पाना घेऊन शिडीवर चढलो. ड्रायव्हर धावत आला.

"येडा झाला का मिस्त्री? पाहुणे येणार आणि तू सावली काढतो?"

"शिडी धर."

"वहिनीसाठी केलेली शेड आहे ती."

"म्हणूनच काढतोय. धर शिडी."

त्यानं धरली. नट गंजले होते, तेल सोडून सोडून फिरवले. प्रत्येक पत्रा खाली देताना बायकोचं 'कंपनी बांधून दिली' आठवत होतं, ते मी ड्रायव्हरला सांगितलं नाय. त्यालाबी कळत असावं, कारण तो एकेक पत्रा दोन्ही हातांनी घेऊन हळूच भिंतीला टेकवायचा. अँगल तेवढे ठेवले आणि त्यावर पांढरं कापड ताणलं. एका पत्र्याची पट्टी कापून, वाकवून फोनला उभं करायला स्टँड केला. पत्र्यानंबी काहीतरी कामाला यावं.

कार्यक्रम संध्याकाळी करायची आमच्याकडं रीत पडलीय, कामावरची माणसं त्याच वेळी मोकळी असतात. मी सुट्टीच्या दिवशी सकाळी ठेवला. एक-दोघं कुरकुरले. मी म्हणालो, संध्याकाळी जालना रोड जाम असतो. त्यांना वाटलं मी गाड्यांचं बोलतोय.

सकाळी सगळे पांढऱ्या कपड्यांत बसले. समोर बुद्धांची मूर्ती, शेजारी बायकोचा फोटो, मधी स्टँडवर फोन. पोरगी तिकडं पांढरी साडी नेसून बसली होती. तिकडं अजून नीट उजाडलेलं नव्हतं. चित्र स्वच्छ होतं. मी मनात म्हणालो, जमलं.

वंदना सुरू झाली आणि घोळ झाला. आमच्या विहारातले बौद्धाचार्य, म्हणजे विधी करणारे, एक ओळ म्हणायचे, मागून आम्ही सगळे म्हणायचो, आणि आम्ही म्हणून पुढं गेल्यावर पोरीचा आवाज यायचा. अगदी थोडा मागं. पण तेवढ्यानं सगळ्यांची ओळ चुकायला लागली. पुढच्या बाया अडखळल्या. एक नातेवाईक म्हणाली, "भाऊजी, फोनचा आवाज तेवढा बंद करा. बघू द्या पोरीला, पण आवाज नको. लई गोंधळ होतोय."

पोरीनं ते ऐकलं. तिकडं ती गप्प झाली आणि मान खाली घातली.

"आवाज बंद होणार नाय," मी म्हणालो. "आईची पोर आहे ती."

ड्रायव्हर माझ्याकडं बघायला लागला, आता हा भांडतो की काय म्हणून. बौद्धाचार्यांनी फोनकडं बघितलं. म्हातारे आहेत, माझ्याहून मोठे. म्हणाले, "ताई, तुम्ही म्हणा. तुमची ओळ आली की मगच आम्ही पुढची घेऊ. इथं कुणाची गाडी सुटत नाही."

तसंच झालं. ते म्हणायचे, आम्ही म्हणायचो, मग सगळं अंगण थांबायचं. त्या शांततेत कुवेतवरून पोरीचा एकटीचा आवाज यायचा. पहिल्या दोन-तीन ओळी कापरा होता, मग सरळ झाला. वंदना लांबली. मागून ड्रायव्हर पुटपुटला, "भात गार होणार मिस्त्री." पण डोळे तोच पुसत होता.

फोन कितीबी नवा असू द्या, आवाजाला तिथून इथं यायला थोडा वेळ लागतोच असं पोरगी नंतर म्हणाली. असल. आम्ही थांबलो की झालं.

वंदना संपल्यावर ती म्हणाली, "अप्पा, आईचा फोटो जवळ आणा." मी फोन फोटोपाशी नेला. ती लई वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "भुवईवरचा चट्टा दिसतोय." तो चट्टा चुलीवरच्या तेलाचा, लग्नानंतरचा. फोटोतबी जवळून बघितल्याशिवाय दिसत नाय.

"दिसला ना?"

"दिसला अप्पा. सगळं तोंड दिसलं."

मग तिला अंगण बघायचं होतं. मी फोन फिरवला. धुण्याच्या दगडापाशी कापड संपत होतं आणि दगडावर ऊन पडलं होतं.

"पत्रे कुठं गेले?"

"काढले."

"का? आईला आवडायचे."

"तुला इकडचं दिसत नव्हतं."

ती हलेना. मला वाटलं परत अडकली. मी फोन हलवून बघितला, तर ती डोळ्याला पदर लावून बसली होती. चित्र चालू होतं.

आता आम्ही दर सुट्टीला सकाळी बोलतो. मी दगडावर बसतो, पाठीला ऊन लागतं, ते आता बरं वाटतं. कोपऱ्यात कधी फाइव्ह जी असतं, कधी फोर जी, मी तिकडं बघत नाय. पोरगी बघतो. परवा म्हणाली, नव्या दवाखान्यानं सुट्टी मंजूर केलीय, थंडी संपायच्या सुमाराला येते.

पत्रे भिंतीला टेकवून ठेवलेत. ड्रायव्हर रोज विचारतो, परत कधी चढवायचे. त्याला सांगून ठेवलंय, पोरगी विमानातून उतरली की शिडी धरायला ये. ती घरी आल्यावर फोन कशाला लागतोय? तिला सावली लागल.