मामांचा एकसष्टावा दिवस

आमच्या हिच्या मामांइतका दिवसांवर जीव टाकणारा माणूस अख्ख्या रायगडात सापडायचा नाही. तालुक्याच्या फौजदारी कोर्टात तीस वर्षं कारकुनी करून ते शेलूत येऊन राहिले, पण मोजणी काही निवृत्त झाली नाही. बारशाला गेले की पाळण्यात डोकावण्याआधी विचारणार, "जल्माचा दिवस धरून बारा, का सोडून?" एकदा तेराव्याच्या पंगतीत "आज चौदावा हाय!" असं त्यांनी ठणकावलं, तेव्हा भटजींसकट सगळे घास हातात धरून बोटं मोजायला लागले. मी वकील, पण मामा येऊन बसले की माझे पक्षकार तारखा आधी त्यांनाच सांगतात.

गेल्या नवरात्रात ठाकुरवाडीकडची पारू अशीच आली. कुंभिवलीच्या एका कारखान्यातली तांब्याची तार चोरल्याच्या संशयावरून तिच्या नवऱ्याला, लहानूला, पकडलेलं. एकदा जामीन नाकारलेला. मी कागद चाळत होतो, तोवर मामांनी विचारलं, "न्यायाधीशापुढं पयल्यांदा कवा उभा केला गं?"

"नागपंचमीला," पारू म्हणाली.

मामा ताडकन उठले. कॅलेंडरची पानं फडफडली, बोट सरसर फिरलं. "जावईबापू, आज साठावा! साठ दिसांत चार्जशीट नाय आली तर जामीन हा हक्क हाय. उद्या कोर्ट उघडता उघडता अर्ज गेला पायजे, चार्जशीटच्या आधी!"

"पहिला दिवस सोडला तर आज एकोणसाठच होतात, मामा."

"सोडायचा नाय! वरच्या कोर्टानंच सांगितलंय." मी निकाल काढून पाहिला. खरं होतं.

दुसऱ्या दिवशी मामा कोर्टाच्या पायरीवर शिपायाच्याही आधी हजर! मनगटावर एक घड्याळ, खिशात दुसरं. अर्ज घेणाऱ्या कारकुनाला म्हणाले, "नुसती तारीख नको, येळ पन लिवा." वीसेक मिनिटांनी, न्यायाधीशबाई येऊन बसल्यावर, हवालदार चार्जशीटचा गठ्ठा घेऊन धापा टाकत आत आला. "आज साठावा दिवस साहेब, वेळेत आणलंय."

"एकसष्टावा!" मामा मागच्या बाकावरून असे गरजले की न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "खाली बसा," त्या म्हणाल्या. मामा तोंडावर हात ठेवून बसले. बाईंनी स्वतः मोजलं. "पहिला दिवस धरायचा," बाई म्हणाल्या. "अर्ज आधी आलाय. जामीन मंजूर."

जामीनदार म्हणून मामाच उभे राहिले. सातबारा पिशवीत तयारच होता!

खटला अजून चालू आहे. पण दुसऱ्या दिवशी लहानू बाहेर आला आणि दोघं माझ्या ऑफिसात आली. पारू पाया पडायला वाकली, तशी मामांनी पाय मागे घेतले. "त्याला तारखेला पाठव गं, एक पन चुकवू नको." दोघं गेली. मी म्हटलं, "मामा, जिंकलात!"

मामांनी मनगटावरचं घड्याळ काढून पुसलं. मग म्हणाले, "खुर्चीत व्हतो तवा पन मोजायचो. एकाचे चार्जशीटबिगर सत्तर दिस झाले आत, माझ्या डोळ्यांदेखत. त्याला वकील नव्हता. कारकुनानं बोलायचं नसतं, म्हनून गप बसलो."

"कोण होता तो?"

"नाव याद हाय," एवढंच म्हणाले, आणि पायातच असलेल्या चपला बाकाखाली शोधायला लागले.