कंपाउंडरांचं प्रथमफळ

शांतवन कंपाउंडर रोज सकाळी मधमाश्यांच्या पेटीला स्टेथोस्कोप लावायचे. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातली कळशी खाली ठेवायचंही मला सुचलं नाही. लिंबोणीच्या झाडाखाली चार पायांच्या घोडीवर एक लाकडी पेटी, तिच्यासमोर गुडघे टेकून बसलेला साठीचा उंच माणूस, डोक्याला पांढरी टोपी, कानात नळ्या आणि डोळे मिटलेले. हे ख्रिस्ती आहेत एवढं मला घरमालकानं सांगितलं होतं, म्हणून वाटलं प्रार्थना चालली असेल. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले, मला पाहिलं आणि "सलाम, बाई" म्हणाले. मग मी विचारलेलं नसतानाच सांगितलं, "आज आवाज बरा हाय. काल जरा घरघर हुती."

हे सत्तर सालातलं. देवळाली प्रवरेच्या शाळेत माझी नवी नेमणूक झाली होती आणि आम्ही कालव्याकडेला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. शेजारचं दीड एकर कंपाउंडरांचं. मध्ये शेराचं कुंपण, आणि त्यात सगुणाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, कोथिंबिरीची देवघेव करायला केलेलं एक भगदाड. पुढची पाच वर्षं मी त्या भगदाडातून जा-ये केली. कंपाउंडरांना जाऊन आता खूप काळ लोटला, पण त्यांच्याइतका हट्टी आणि त्यांच्याइतका खरा माणूस मला पुन्हा भेटला नाही, हे आधीच सांगून टाकते.

त्यांची सारी नोकरी नगरच्या एका मिशनच्या दवाखान्यात झाली होती. त्या काळी औषध बाटलीत भरून मिळायचं आणि बाटलीवर कागदाची दातेरी पट्टी चिकटवलेली असायची, एका दातापर्यंत एक डोस. त्या पट्ट्या कापण्यात कंपाउंडरांची हयात गेली. "डोस चुकला का औशिदाचं इख हुतं," हे त्यांचं आवडतं वाक्य. भाजीत मीठ जास्त पडलं तरी तेच, लिंबोणीला पाणी जास्त झालं तरी तेच, आणि मी वर्गात एखाद्या पोराला दोन छड्या जास्त मारल्याचं त्यांच्या कानावर गेलं तरी तेच. सगुणाबाई म्हणायच्या, "दवाखाना सुटला, पन ह्यांच्या हातातला मापाचा गलास काय सुटंना."

मधमाश्यांचा नाद लागला तो त्यांच्या चर्चमधल्या हंगामाच्या सणामुळे. दिवाळीच्या आगेमागे हा सण असायचा. ज्याच्या रानात जे पहिलं पिकलं ते त्यानं आणून वेदीपुढे ठेवायचं, त्याला प्रथमफळ म्हणतात. कुणी बाजरीची पाटी, कुणी भोपळा, कुणी कोंबडी. मग त्याचा तिथंच लिलाव होई आणि पैसे चर्चला जात. कंपाउंडरांनी इतकी वर्षं पैशाचं पाकीटच टाकलं होतं, कारण पगारदाराला कसलं आलंय फळ. निवृत्त होऊन जमीन घेतली आणि त्याच सालच्या सणाला भर मंडळीत उभं राहून त्यांनी शब्द दिला, की पुढच्या साली मी माझ्या मधमाश्यांचा मध आणीन. आमच्या भागात पेटीत माश्या कुणी पाळल्या नव्हत्या. मध म्हणजे धुरी देऊन झाडावरून उतरवायचा आणि पिळून घ्यायचा, एवढंच लोकांना माहीत. त्यामुळे हसणारे हसले. कंपाउंडर महाबळेश्वरच्या बाजूला जाऊन पाच दिवस शिकून आले आणि माश्यांनी भरलेली पेटी एसटीच्या टपावरून घेऊन आले. कंडक्टरला म्हणे त्यांनी आत काय आहे ते राहुरी ओलांडून गाव जवळ आल्यावर सांगितलं.

पाच दिवसांत माणूस जेवढं शिकतो तेवढं ते शिकले होते. सातेरी जातीची माशी फार मानी असते, तिला सारखं उघडून पाहिलेलं खपत नाही. आणि आमचे कंपाउंडर पेशंटचा ताप घ्यावा तसे सकाळ-संध्याकाळ पेटी उघडायचे. चौकटी बाहेर काढून उजेडात धरायचे, राणी आहे का, अंडी आहेत का, सगळं वहीत टिपायचे. चावल्या तर "इंजेक्शन हाय, फुकाटचं" म्हणून सुजलेला हात झाडायचे. मी एकदा म्हटलं, अहो, त्यांना जरा निवांत राहू द्या. तर म्हणाले, पेशंटला न बघता औषध कसं द्यायचं. श्रावणात एका दुपारी सगळी पेटी उठली. कडुनिंबावर घटकाभर लोंबली आणि कालवा ओलांडून निघून गेली. कंपाउंडर टोपली घेऊन कालव्याच्या भरावानं मागे धावले. संध्याकाळी परतले ते एक डोळा सुजवून आणि टोपली रिकामी घेऊन. त्या सणाला पुन्हा पाकीट गेलं. मध कुठं आहे म्हणून लोकांनी छेडलं तर म्हणाले, "पेशंट पळाला."

दुसऱ्या वर्षी त्यांनी एका पडक्या विहिरीच्या कपारीतलं मोहोळ मिळवलं. पोळी अलगद कापून केळीच्या सोपटानं चौकटीत बांधली, राणी सापडली तशा बाकीच्या माश्या आपोआप मागे आल्या. या खेपेला पेटी आठवड्यातून एकदाच उघडायची असं त्यांनी स्वतःवरच बंधन घातलं, आणि एरवी स्टेथोस्कोपवरच भागवायचं ठरवलं. मुंग्या चढू नयेत म्हणून घोडीचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत उभे केले. पाऊस बरा झाला होता. तीळ, कारळे, बांधावरचं रानफूल, सगळीकडे माश्यांची ये-जा चालली होती. दसऱ्यापर्यंत पेटी इतकी जड झाली की एकट्याला हलवेना. मला खरंच आनंद झाला होता. शाळेतून येताना मीही त्या पेटीपाशी दोन मिनिटं थांबायला लागले होते.

सणाच्या आदल्या दिवशी कंपाउंडरांनी मध काढला. मध काढायचं यंत्र नव्हतं, म्हणून पोळी कापून धुतलेल्या धोतराच्या फडक्यातून गाळली. तीन मोठ्या बाटल्या भरल्या, त्यांवर सवयीनं पट्ट्याही चिकटवल्या. दोन वर्षांचा शब्द पुरा होत होता, हात थांबेना. पेटीत मधाचा एक कण राहिला नाही. मी विचारलं, त्यांच्यासाठी थोडा ठेवलात ना? म्हणाले, रानात फुलं आहेत, मिळवतील. त्या दिवशी चर्चमध्ये बाटल्यांवर बोली चढत गेली. हसणाऱ्यांनीच चढवली. कंपाउंडर कोट घालून गेले होते आणि परत येताना दहा ठिकाणी थांबून बोलत होते.

पण फुलं संपत आली होती आणि थंडी पडायला लागली होती. बारा-तेरा दिवसांनी सकाळी नळ्या कानात घालून ते बराच वेळ बसून राहिले. मग त्यांनी पेटी उघडली. बऱ्याचशा माश्या निघून गेल्या होत्या. ज्यांच्यात बळ नव्हतं त्या मागे राहून मेल्या होत्या. प्रत्येक माशीचं डोकं पोळ्यातल्या रिकाम्या घरात खोल खुपसलेलं आणि शेपूट बाहेर. तळाशी काही शिल्लक आहे का ते चाटून बघत असताना मेल्या, हे मलाही कळलं. डोस चुकल्याचं ते वाक्य माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी जीभ आवरली, आणि बरं केलं. कंपाउंडरांनी एकेक माशी चिमट्यानं बाहेर काढली. सगुणाबाईंनी जेवायला दोनदा हाक मारली, ते उठले नाहीत.

गावाच्या लेखी शब्द पुरा झाला होता. पण त्यांच्या लेखी तो पुरा झाला नव्हता, उलट बिघडला होता, आणि हे आम्हा तिघांशिवाय कुणाला माहीत नव्हतं. पुढे माघात शाळेच्या व्हरांड्यात एक थवा येऊन लटकला, तेव्हा मी पोरांना वर्गात कोंडलं आणि कंपाउंडरांना निरोप धाडला. ते तिसरं मोहोळ. आणि साल बहात्तर. मृग कोरडा गेला, नंतरची नक्षत्रंही गेली. कालव्याचं पाणी आटलं, रानात फूल म्हणून दिसेना. लोक दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होते आणि कंपाउंडर माश्या जगवत होते. यावरून त्यांना बोलणारे काही कमी नव्हते. मलाही क्वचित वाटायचं, माणसांचे हाल काय चाललेत आणि यांचं काय. तसं मी बोलूनही दाखवलं. त्यांनी पेटीच्या वाट्यांत पाणी ओतलं.

उपाशी माशीला साखरेचा पाक द्यायचा असतो. साखर रेशनवर, आणि आमच्या भागात गूळ घरोघर. कंपाउंडरांना वाटलं, गुऱ्हाळातला ताजा गूळ साखरेपेक्षा चांगलाच की. त्यांनी गुळाचं पाणी दिलं. चार दिवसांत पेटीच्या तोंडावर पिवळे-तपकिरी ओघळ दिसायला लागले. कंपाउंडरांनी चष्मा पुसून पाहिलं आणि निदान केलं, हगवण. मग दोघांच्या कार्डावरची साखर पेटीला जायला लागली आणि चहात गूळ पडायला लागला. गुळानं दूध फाटायचं. तो फाटलेला चहा मी वर्षभर त्यांच्या ओट्यावर बसून प्यायले आणि कपाळाला आठी पडू दिली नाही, याचं श्रेय मला कुणी दिलं नाही. पुढेपुढे तर माझ्या घरची साखरही भगदाडातून जायला लागली.

माश्या जगल्या. सण जवळ आला तेव्हा चौकटींत चांगला पाक साठवलेला होता, वरून मेणानं बंद केलेला, दिसायला अगदी मधासारखा. सगुणाबाई म्हणाल्या, काढा एक बाटली, लोक विचारतात, माश्यांनीच केलाय ना शेवटी? कंपाउंडर म्हणाले, "मध न्हाई त्यो, सगुना. रेशनची साखर हाय. आपुनच दिली, आन आपुनच काढून देवाला दावायची व्हय?" ज्या माणसानं आयुष्यात कुणाच्या बाटलीत पाण्याचा जादा थेंब घातला नव्हता, त्याच्याशी यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता.

त्या सणाला सगुणाबाईंनी मला बरोबर नेलं. मी मागच्या सतरंजीवर बसले. दुष्काळामुळे वेदीपुढे मोजक्याच टोपल्या होत्या. पाळकांनी कंपाउंडरांकडे पाहिलं, कारण सगळेच पाहत होते. ते उभे राहिले. हात रिकामे. "मागल्या साली म्या तीन बाटल्या आनल्या," ते म्हणाले. "त्यो मध माजा नव्हता. माश्यांची हिवाळ्याची बेगमी हुती ती. शब्द पुरा व्हावा म्हनून समदी काढून आनली, आन त्या उपाशी मेल्या. देवाला म्या चोरीचा माल दिला. औंदा माज्याकडं काय न्हाई." आणि ते खाली बसले. कुणी हसलं नाही. पाळकांनी पुढचं गीत सांगितलं, आणि सुरुवातही त्यांनाच करावी लागली.

मला त्यांचा राग आला होता. घरी येताना मी बोललेच, की कुणी विचारलं होतं का तुम्हाला? गेलेली गोष्ट, कुणाला माहीतही नव्हती. ते म्हणाले, "कुनी इचारलं न्हाई, म्हनूनच वरीसभर पोटात राह्यली हुती, बाई."

त्र्याहत्तरला पाऊस झाला. कारळे फुलले, तीळ फुलला, आणि पेटी पुन्हा जड झाली. दोन बाटल्या सहज निघाल्या असत्या. कंपाउंडरांनी कडेच्या एका चौकटीचा कोपरा तेवढा कापला. त्यातून निघाला तो मध दवाखान्यातल्या औंसभराच्या बाटलीत मावला. सगुणाबाई कडाडल्या. चार वर्षं झाली, वर्षभर गुळाचा चहा प्यायला लावलात, आणि एवढ्यात तर देवाचं बोटसुद्धा बुडायचं नाही. कंपाउंडर बुचावर मेण लावत राहिले. बाकीचा माश्यांच्या हिवाळ्याचा आहे, म्हणाले, आपला वाटा एवढाच.

चर्चमध्ये भोपळे, बाजरी, दोन बोकड असं सगळं विकून झाल्यावर पाळकांनी ती एवढीशी बाटली चिमटीत धरून उंच केली. मागून कुणीतरी हसलं. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं बोली आली. बायका लिलावात बोलत नसत, त्यामुळे सगळ्या माना वळल्या. सगुणाबाई उभ्या होत्या. पाळकांनी तीनदा विचारलं. त्यांच्यावर बोली कुणी चढवली नाही.

परतताना सगुणाबाई पदरात बाटली बांधून पुढे झपाझप चालल्या होत्या आणि मी कंपाउंडरांबरोबर मागे. ते हळूच म्हणाले, "आता बगा बाई, घरचा मध घरातच आला. मंग देवाला काय मिळालं?"

पुढून सगुणाबाई मागे न वळता म्हणाल्या, "त्याला मागल्या सालीच मिळालं, रिकाम्या हातानं उभं राह्यलात तवा."

कंपाउंडर जागच्या जागी थांबले. टोपी काढून त्यांनी तोंड पुसलं, नाक शिंकरलं. मग टोपी नीट बसवून ते चालायला लागले, आणि सगुणाबाईंना गाठेपर्यंत त्यांनी पाऊल हळू केलं नाही.