टाकीतली आणि पिंपातली

वाइनच्या कारखान्यात सगळे तिला वहिनी म्हणत, कारण तिचा नवरा तिथला लाडका दादा होता. सहा वर्षांपूर्वी तो रिकामी टाकी धुवायला आत उतरला. आंबलेल्या रसाचा वायू तळाशी साचलेला होता. त्याला बाहेर काढेपर्यंत सगळं संपलं होतं. मग मालकांनी वहिनीला पाहुण्यांना वाइनची चव दाखवायच्या कामावर घेतलं.

तेव्हापासून ती रोज दोन पेले पुढे ठेवून सांगायची, "द्राक्ष एकच, शार्डोने. स्टीलच्या टाकीतली वाइन हिरव्या सफरचंदासारखी तरतरीत लागते. ओकच्या लाकडी पिंपात मुरली, की तीच लोण्यासारखी मऊ होते."

एकदा एका हसऱ्या बाईंनी विचारलं, "तुम्हाला कुठली आवडते?"

"पिंपातली," वहिनी म्हणाली. "पिंपात माणूस उतरू शकत नाही."

गंमत समजून सगळे हसले. वहिनीही तोंडदेखलं हसली आणि पेले विसळायला लागली.

घरी तिने हे लेकीला सांगितलं. भाजी निवडणारे लेकीचे हात थांबले.

"मग खरं काय ते सांगितलं नाहीस त्यांना?"

"कशाला गं? चार घटका मजेत घालवायला आली होती बिचारी."