पाचव्या मजल्यावरची पितळी चावी

आमच्या जिन्यातल्या घरांची ऊब येते गावच्या बॉयलरघरातून, पण उलकान आपांच्या मर्जीने.

गरम पाणी एका पाइपाने खालून चढतं, पाचव्या मजल्यावर आपांच्या स्वयंपाकघरातल्या रेडिएटरमधून वळतं आणि दुसऱ्या पाइपाने सगळ्यांच्या घरांतून उतरतं. बॉयलरघराने दुरुस्तीसाठी लाइन रिकामी केली की पाइपात एअर धरते. ती जाऊन बसते सगळ्यात वर. मग वरपासून खालपर्यंत रेडिएटर थंड पडतात, आणि आमच्या नारीन गावात जानेवारीत थंड म्हणजे खिडकीच्या आतल्या बाजूला बर्फ. आपांच्या रेडिएटरला एअर सोडायचा चिमुकला नळ आहे. त्याची पितळी चावी त्यांच्या बंडीच्या खिशात असते.

सांगायला कोणी वर येत नाही. चमच्याने पाइप ठोकतात. आपा कान देतात.

"हा शारशेन," त्या म्हणतात. "तळमजल्यावरचा. गारठला की आधी बायकोवर खेकसतो, मग पाइप बडवतो."

मग सावकाश चहा संपवतात. मग चावी. फुस्स आवाज, वाडग्यात काळं पाणी, आणि खालून आनंदाची ठोकाठोक. ऊब पोचली की लोक जिना चढतात. कुणाच्या हातात कणकेचे तळलेले बोरसोक, कुणाच्या साय, कुणाच्या जरदाळूचा मुरंबा. "कशाला उगाच," असं म्हणत आपा दुसऱ्या हाताने झाकण उघडून बघतात.

मी चौथ्या मजल्यावर राहते. बिश्केकहून साहित्याची पदवी घेऊन परतले तेव्हा आपांनी मला पत्ते खेळायला बोलावलं. त्या लबाडी करतात. पहिल्यांदा पकडली तेव्हा म्हणाल्या, "इतकी पुस्तकं वाचलीस, तरी डोळे शाबूत कसे?"

दवाखान्याच्या धुलाईघरात त्यांनी आयुष्य काढलं. नवऱ्याला हे घर मिळालं तेव्हा वरचा मजला कुणालाच नको होता. लिफ्ट नाही. "येडा होता," त्या त्याच्या फोटोकडे बघत म्हणतात. "पण मला राणी करून गेला."

शरद ऋतूत राणी जिन्यात घसरली. गुडघा सुजला. धाकटा मुलगा कुबात बिश्केकहून आला. आमच्याकडे आईबाप धाकट्याच्या वाट्याला येतात, त्यामुळे शब्द त्याचाच. घर विकायचं आणि आपांनी त्याच्याकडे जायचं, असं त्याने ठरवलं. जानेवारीत गिऱ्हाईकही शोधलं; ते रविवारी घर बघायला येणार होतं.

"तू म्हणशील तसं, बाळा," आपा त्याला म्हणाल्या.

तो दुकानात गेल्यावर माझ्याकडे वळल्या. "बेगिमाय, मी मेले तरी जाणार नाही. त्याच्या घरी फरशीखालून ऊब येते. कुणाला कधी कुणाची गरजच पडत नाही. मी तिथे करू काय?"

मी त्यांच्या वाटीत चहा ओतला.

"बॉयलरघराने दुरुस्ती करून कालच लाइन पुन्हा भरलीय," त्या म्हणाल्या. "एअर वर येऊन बसलीय. मी चावीला हात लावणार नाही. पाहुणे येतील, कुडकुडतील, जातील. तू खाली सगळ्यांना सांग, रविवार दुपारपर्यंत कळ काढा."

"आणि मी?"

"तू शेजारीण म्हणून बस आणि दुःखी दिस. तेच शिकलीस ना?"

लोकांनी कळ काढली. तळमजल्यावरच्या शारशेन आकेंनी घरात फरची टोपी घातली. माझे वडील रजई पांघरून टीव्ही बघत होते. कुणी पाइप ठोकला नाही. इतकी शिस्त आमच्या जिन्याने कधी पाळली नव्हती.

गिऱ्हाईक वेळेवर आलं. तिलेक नावाचा तरुण इंजिनियर, आणि त्याची म्हातारी आई. कुबातने रेडिएटरला हात लावला, तो अजून गारच होता, आणि त्याचा चेहरा पडला. आपांनी माझ्याकडे बघून डोळा मिचकावला.

मग चहा आला. दुसरीकडे असं काम दारात उभ्याउभ्या संपतं, पण आपांच्या घरात पाहुणा आला की जेवणाचा दस्तरखान अंथरलाच जातो, मग तो घर हिसकावायला आलेला का असेना. नान, साय, मुरंबा, सगळं मांडलं. म्हातारी बसली. कोट घालूनच. तिने चहाची वाटी दोन्ही हातांत धरली, प्यायली नाही, नुसती धरून ठेवली.

"कोट काढा ना," आपा सवयीने म्हणाल्या.

"राहू दे, आपा," म्हातारी हसून म्हणाली. "मला थंडी लवकर लागते. तुमचा दोष नाही."

आपांचा चेहरा बदलला. त्यांच्या दस्तरखानावर पाहुणी कोट घालून बसली होती, आणि वर त्यांनाच समजावत होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नको. त्यांनी वाटी खाली ठेवली. मी पुन्हा मान हलवली.

त्या उठल्या आणि बंडीतून चावी काढली.

फुस्स. काळं पाणी. पाइप आतून गुरगुरला. थोड्या वेळात खिडकीतलं बर्फ ओघळायला लागलं. म्हातारीने कोट काढला, मग स्वेटर. "काय छान ऊब आहे," ती म्हणाली. तिलेक खुशीत भिंती ठोकून बघत होता. कुबातने मोठा श्वास सोडला. सगळं संपलं होतं. आपा पाहुणीला साय वाढत होत्या आणि माझ्याकडे बघत नव्हत्या.

तेवढ्यात खालून पाइपावर ठोकाठोक झाली. मग दार उघडलं आणि शारशेन आके आत आले. फरची टोपी, हातात घोड्याच्या मांसाचं सॉसेज.

"गेली का ती माणसं?" त्यांनी विचारलं.

"बसलीत," आपा म्हणाल्या.

"बसा, बसा," आके तिलेकला म्हणाले आणि स्वतःही बसले. मागोमाग तिसऱ्या मजल्यावरची सून आली, बोरसोक घेऊन. मग माझी आई. बसायला जागा उरली नाही.

"हे सगळे कोण?" तिलेकने विचारलं.

"खालचे," आपा म्हणाल्या. "एअर सोडली की येतात."

"म्हणजे हे कायमचं आहे?"

"नाही हो. उन्हाळ्यात नाही."

"आणि घरात कुणी नसलं तर? मी कामासाठी सारखा बाहेरगावी असतो."

आपा साय ढवळू लागल्या. आता खोटं बोलायची त्यांच्यात हिंमत उरली नव्हती. आके मात्र मदतीला धावले. त्यांना वाटलं, गिऱ्हाईकाला धीर द्यावा.

"काळजी नको, पोरा. आम्ही दार तोडतो. आपा एकदा बहिणीच्या मयताला गेल्या होत्या, तेव्हा मीच तोडलं. मागून नीट बसवूनही दिलं. ते बघ."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. कुलपाभोवती पत्र्याचा चौकोन होता. मी तो रोज बघते. मला ती नक्षी वाटायची.

तिलेक उठला. त्याच्या आईने निघताना रीतीप्रमाणे नानचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि आपांना मिठी मारली. "मला तर आवडलं होतं," ती म्हणाली. तिलेक तोवर एक मजला उतरला होता.

लोक गेल्यावर कुबात म्हणाला, "आपा, तुम्ही हे मुद्दाम केलंत."

"मी? मी तर घर गरम करून दिलं."

त्याने माझ्याकडे पाहिलं.

"खरं आहे," मी म्हणाले. खरंच होतं.

"आणि तुमचा गुडघा? हा जिना?"

"मी कशाला उतरू? सगळं वर येतं."

पुन्हा पाइप वाजला. आपांनी कान दिला. "दुसरा मजला. त्यांच्याकडे अजून कोमटच असणार. थोडी एअर राहिलीय." त्या वाकायला गेल्या आणि गुडघा धरून थांबल्या. किती खरं, किती पत्त्यांतलं, मला आजही ठाऊक नाही. "कुबात, जरा तूच कर."

त्याने चावी घेतली. नळ भलताच फिरवला. काळं पाणी त्याच्या बिश्केकच्या पांढऱ्या शर्टावर उडालं. आपांनी वाडगा पुढे सरकवला.

खाली ठोकाठोक झाली. जराशाने दुसऱ्या मजल्यावरची बाई पातेलं घेऊन दारात आली.

"कशाला उगाच," कुबात म्हणाला, आणि दुसऱ्या हाताने त्याने झाकण उघडलं.