तीन फेऱ्यांचं इंग्रजी

जगात इंग्रजी येणारे, इंग्रजी झाडणारे आणि इंग्रजीला घाबरणारे असे तीनच प्रकारचे लोक असतात अशी माझी पक्की समजूत होती. इंग्रजीचं वेल्डिंग करणारा माणूस मला दोहाला गेल्यावर भेटला, आणि त्यानंतर आजतागायत दुसरा भेटलेला नाही. तो आमच्या कंपनीत वेल्डर होता. तैवानचा. वय पन्नाशीच्या आसपास, अंगकाठी शिडशिडीत, आणि भाषा एकच, चिनी. त्याचं खरं नाव आमच्यापैकी कुणालाच धड उच्चारता येत नसे. आम्ही प्रयत्न केला की त्याचा चेहरा कुणीतरी पायावर पाय दिल्यासारखा व्हायचा. शेवटी आमच्या खोलीतल्या तात्यांनी त्याला ‘चिनीमामा’ म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव त्याला इतकं चिकटलं की केरळी, पठाण, सगळे त्याला मामाच म्हणू लागले. तात्या म्हणजे कराडकडचे फिटर. त्यांनी नाव ठेवलं की ते पासपोर्टापेक्षा जास्त टिकायचं.

सत्तरचं दशक संपत आलेलं. आम्ही तात्यांसकट पाच मराठी माणसं दोहाच्या नजमा वस्तीत एका खोलीत राहायचो आणि शेजारच्या खोलीत मामा. कंपनीचं काम तेलाच्या जुन्या टाक्यांच्या दुरुस्तीचं. टाकीत तेलाचा वास जरी उरलेला असला तरी तिथे ठिणगी चालत नाही, म्हणून रोज सकाळी प्रत्येक टाकीसाठी एक इंग्रजी कागद निघायचा, त्याला परमिट म्हणत. कुठली टाकी, आतली हवा तपासली का, आग चालेल की नाही, सगळं त्यात. हा कागद टाइप करणं आणि फोरमन लोकांना वाचून दाखवणं ही माझी नोकरी. मी बी.ए. होतो, तेही इंग्रजी घेऊन, आणि ही गोष्ट मी समोरच्याला पहिल्या पाच मिनिटांत कळेल अशी व्यवस्था करत असे. मी परमिट वाचायचो म्हणजे कागदावरून नजर फिरवून हिंदीत सांगायचो, “चार नंबर टाकी, हवा ठीक, आग चलेगा, खलास. साइन करो, यल्ला, चलो.” अर्धं मिनिट. माझ्यावर सगळे खूश होते. मीही माझ्यावर खूश होतो.

मामा आला आणि या सुखी संसारात पहिला खडा पडला. आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्याच्यापुढे हातमोज्यांच्या एका जोडीची पावती सरकवली. त्यानं ती घेतली, खुर्ची ओढली, खिशातून शब्दकोश काढला आणि बसला. पावतीत सगळ्या मिळून चार ओळी. पंचवीस मिनिटं झाली. मागे रांगेत तात्या उभे होते. “आवं भाऊसाहेब,” ते मला म्हणाले, “ह्यो पावती वाचतुय का पोरीची सोयरीक बघतुय?” मामानं शांतपणे वर पाहिलं, एक बोट उभं केलं आणि म्हणाला, “नो रीड, नो चॉप.” चॉप म्हणजे त्याचा शिक्का. तो सही करत नसे. गळ्यातल्या कापडी पिशवीत करंगळीएवढा दगडी शिक्का असायचा आणि लाल शाईची एक चपटी डबी. वाचून पुरं झालं की डबी उघडायची, शिक्का शाईवर तीनदा टेकवायचा, कागदावर ठेवून दोन्ही हातांनी दाबायचा. हातमोजे मिळाले, पण आम्हाला वाटलं की त्यानं तहावर सही केली.

त्या शिक्क्याची हकिगत मला पुढे कळली. तो त्याच्या वडिलांचा होता. वडिलांना वाचता येत नव्हतं, कागद आला की ते शेजाऱ्याला बोलवायचे. एकदा शेजाऱ्यानं वाचलं, वडिलांनी शिक्का मारला आणि त्यांची लोखंड ओतायची शेड गेली. मी विचारलं, “शेजारी बदमाश होता?” मामानं शिक्का पुसून पिशवीत ठेवला. “नो. गुड मॅन,” तो म्हणाला, “हरी-हरी मॅन.” म्हणजे घाईतला माणूस. मी तेव्हा मान हलवली. कुणाबद्दल चाललंय हे माझ्या लक्षातही आलं नाही.

इंग्रजी शिकवायला त्यानं मलाच धरलं, आणि धरलं म्हणजे खरोखरच धरलं. शुक्रवारी सकाळी सुट्टीची झोप काढावी तर हा दाराबाहेर उभा, हातात झाकणाच्या बरणीत पानं तरंगणारा चहा. तो दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरायचा आणि किंचित वाकून म्हणायचा, “लाओशी.” म्हणजे मास्तर, त्यांच्यात मास्तरांना नावानं हाक मारत नाहीत. त्या चहात ना दूध, ना साखर. तात्या त्याला ‘पाल्याचा काढा’ म्हणायचे. पण आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला वाकून मास्तर म्हणत होतं, त्यामुळे मी तो काढा घोटाघोटानं प्यायचो आणि झोपेवर पाणी सोडायचो.

व्याकरणाशी त्याचं भांडण तत्त्वाचं होतं. ‘काल’ एकदा सांगितल्यावर क्रियापदाला पुन्हा वेगळे कपडे कशाला घालायचे, हे त्याला पटेना. “यस्टर्डे बोला ना?” तो कळवळून विचारायचा, “एव्हरीबडी नो यस्टर्डे!” त्यांच्या चिनीत क्रियापद जन्मभर एकाच कपड्यात असतं, हे ऐकून मला त्या भाषेबद्दल आदर वाटू लागला. एकदा मी त्याला सांगितलं, आमच्या मराठीत खुर्ची बाई असते, पलंग पुरुष असतो आणि टेबल यातलं काहीच नसतं, आणि त्याप्रमाणे क्रियापदही बदलतं. त्यानं वही मिटली, माझ्याकडे विलक्षण दयेनं पाहिलं आणि माझ्या पेल्यात आणखी चहा ओतला. त्या दिवसापासून त्यानं इंग्रजीविरुद्ध तक्रार केली नाही.

पण मुख्य गोष्ट त्याचं वाचन. तो वेल्डिंगच्या पद्धतीनं वाचायचा. जाड पत्रा जोडताना पहिल्या फेरीत नुसता सांधा धरतात, मग वर जमलेलं जळकं कवच हातोडीनं टोकून काढतात, मग दुसरी फेरी, पुन्हा टोकणं, मग तिसरी. मामाचं अगदी तसंच. पहिल्या फेरीत बोट ठेवून एकेक शब्द मोठ्यानं. मग पेन्सिलीनं कागदावर टकटक टकटक. दुसऱ्या फेरीत कुणी काय करायचं तेवढंच. पुन्हा टकटक. तिसऱ्या फेरीत, हा कागद माझ्याकडून काय मागतोय? फेरीला तो ‘रन’ म्हणायचा, आणि तीन फेऱ्यांखेरीज कशालाच वाचलं म्हणत नसे. कोपऱ्यावरच्या मलबारी दुकानात तो एकदा दुधाच्या पावडरीचा डबा अर्धा तास वाचत उभा राहिला, तिन्ही फेऱ्या पूर्ण केल्या आणि डबा परत फळीवर ठेवला. दुकानदारानं हताशपणे विचारलं, नाही आवडला? “व्हेरी गुड रीड,” मामा म्हणाला, “बट आय नो ड्रिंक मिल्क.” पुढच्या शुक्रवारी दुकानदारानं त्याच्यासाठी तिथे एक स्टूल ठेवलं.

अशात एक नवा इंग्रज सुरक्षा अधिकारी आला. आम्ही त्याला साहेबच म्हणायचो. त्यानं पहिल्याच आठवड्यात फतवा काढला की यापुढे क्लार्कनं परमिट वाचून दाखवायचं नाही, फोरमननं ते स्वतः वाचून समजावून सांगायचं. त्याच सुमाराला मामाच्या टोळीचा फोरमन कायमचा घरी गेला होता आणि मामाचा करारही संपत आला होता. साहेबांनी स्पष्ट सांगितलं, ईदच्या सुट्टीनंतर परीक्षा. पास झाला तर फोरमन आणि दोन वर्षांचा नवा करार, नाही तर परतीचं तिकीट. मामाची मुलगी नर्सिंग शिकत होती आणि तिची बरोबर दोनच वर्षं राहिली होती. त्यानं मला तिचा फोटो दाखवला. दोन्ही हातांनी धरून, चहा देतो तसा.

मी जिद्दीला पेटलो. परमिटचा छापील नमुना मी त्याच्याकडून इतक्यांदा घोटून घेतला की शेवटी तात्यांनाही तो पाठ झाला आणि ते आंघोळ करताना मोठ्यानं म्हणू लागले. मामालाही अक्षर न् अक्षर येत होतं. मग मी माझं बी.ए.चं डोकं चालवलं. परीक्षेच्या सकाळी मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, “मामा, बोट ठेवू नकोस, टकटक करू नकोस. साहेबाला घाई असते. पाठ आहे ते घडाघडा म्हण, मध्ये फक्त टाकीचा नंबर घाल. अर्ध्या मिनिटात खलास. पास, इन्शाल्ला.” मामानं ऐकून घेतलं आणि पेन्सिलीला टोक काढलं.

साहेबांनी नमुना दिलाच नाही. त्यांनी मी तासाभरापूर्वी टाइप केलेलं त्या दिवसाचं खरं परमिट त्याच्यापुढे ठेवलं. चार नंबरची टाकी. मी दाराशी उभा राहून मनातल्या मनात म्हणालो, म्हण बाबा, सुटलास. मामानं गळ्यातली पिशवी चाचपली आणि कागदावर बोट ठेवलं. एकेक शब्द, एकेक शब्द. साहेबांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, मग दुसऱ्यांदा पाहिलं. पहिली फेरी संपली. टकटक टकटक. साहेबांच्या भुवया वर गेल्या. दुसरी फेरी सुरू झाली आणि अर्ध्यावर थांबली. साहेबांनी पुढे वाचायची खूण केली. मामानं मान हलवली. “नो,” तो म्हणाला, “क्रॅक.” साहेब मोठ्या आवाजात म्हणाले की परीक्षा पूर्ण कर, नाहीतर नापास धरीन. मामाचा चेहरा पांढरा पडला, तरी बोट उचललं नाही. “टॉप, टँक फोर,” तो म्हणाला, “डाउन, टँक सिक्स. फायर व्हेअर?”

सहा नंबरच्या टाकीत अजून तेलाचा गाळ होता.

चूक माझी होती. रोज सगळं नव्यानं टाइप करायचा कंटाळा, म्हणून मी आदल्या कागदाची कार्बन प्रत समोर ठेवून मजकूर तसाच उतरवायचो. आदल्या दिवशी सहा नंबरच्या सफाईचं परमिट होतं. वरचा नंबर मी बदलला होता, खालचा राहिला होता. मी तो कागद टाइप केल्यावर वाचला होता, म्हणजे माझ्या पद्धतीनं नजर फिरवली होती. त्या दिवशी आत उतरणार होते तात्या. खालच्या ओळीवर विसंबून कुणी त्यांना सहा नंबरवर पाठवलं असतं तर, हा विचार मनात आला आणि मी पुढे होऊन तो कागद उचलला. साहेब माझ्याकडे बघत होते. मला त्या खोलीत कुठे पाहावं ते कळेना.

मी धावत जाऊन नवा कागद टाइप केला. तीन कागद फुकट गेले. मग मामानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, कारण चीर गेलेल्या सांध्यावर पुढची फेरी मारत नाहीत, सगळं कापून नव्यानं जोडतात. पहिली फेरी, टकटक, दुसरी, टकटक, तिसरी. मग त्यानं आपल्या इंग्रजीत समजावून सांगितलं. त्यात एकही क्रियापद कालच्या कपड्यात नव्हतं आणि एकही शब्द चुकीचा नव्हता. पाऊण तास लागला. साहेबांनी एकदाही घड्याळ पाहिलं नाही. शेवटी ते उठले आणि त्यांनी मामाशी हस्तांदोलन केलं. नंतर ते माझ्याशी जे बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही.

संध्याकाळी मामा बरणी घेऊन माझ्या दाराशी आला. मला वाटलं आता हा ऐकवणार. त्यानं दोन्ही हातांनी चहा पुढे केला आणि म्हणाला, “लाओशी.” मी म्हटलं, मला मास्तर म्हणू नकोस, मला लाज वाटते. खरंच वाटत होती. तो हसला. “यू गुड मॅन,” तो म्हणाला. पुढचे दोन शब्द, त्या शेजाऱ्याबद्दलचे, त्यानं उच्चारले नाहीत, पण मला ते ऐकू आले. मग पेन्सिल काढून माझ्या हातात ठेवली. रात्री तात्यांना सगळी हकिगत कळली. दुसऱ्या दिवशी सकाळी परमिटच्या वेळी नवा फोरमन मामा बोट ठेवून बसला आणि मागून कुणीतरी कुरकुरलं, तसे तात्या गर्रकन वळले. “ए, गप ऱ्हा की! वाच मामा, निवांत वाच. घाई कुनाला हाय?”

दोन वर्षांची चार झाली, चारांची सहा. मामाच्या टोळीचं काम रोज सगळ्यांपेक्षा उशिरा सुरू व्हायचं आणि त्याच्या टोळीतल्या कुणाला कधी खरचटलंही नाही. मुलगी नर्स झाली, तिचं लग्न ठरलं आणि मामानं घरी जायचं ठरवलं. निघायच्या दिवशी दुपारी त्याच्या शेवटच्या कागदावर शिक्का हवा होता. कंपनीचं सामान परत केलं, आता माझं काही राहिलं नाही, असला एक पानी मजकूर. टाइप मीच केला होता. खाली विमानतळाची गाडी उभी, ड्रायव्हर “यल्ला, यल्ला” करतोय, आणि मी टेबल मोकळं करून, खुर्ची पुसून, पेन्सिल ठेवून तयार. निदान अर्धा तास तो समोर बसेल, असा माझा हिशेब होता.

मामा आला. बसला नाही. गळ्यातली पिशवी काढली, डबी उघडली, शिक्का शाईवर तीनदा टेकवला.

“मामा, वाच ना,” मी म्हटलं, “फर्स्ट रीड.”

त्यानं कागदाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. “यू रीड?”

मी मान हलवली.

“थ्री रन?”

“थ्री रन,” मी म्हटलं. सकाळपासून मी दुसरं काही केलंच नव्हतं.

त्यानं शिक्का कागदावर ठेवला आणि दोन्ही हातांनी दाबला. मग किंचित वाकून “लाओशी” म्हणाला आणि जिना उतरून गेला. माझ्या तोंडून शुक्रन निघालं, थँक्यू निघालं, नक्की काय निघालं मला आठवत नाही. शाई अजून ओली होती. मी त्या लाल ठशावर हळूहळू फुंकर घालत बसलो, आणि खालून गाडी सुटल्याचा आवाज आला.