मला येथे काहीही त्रास नाही

"मला येथे काहीही त्रास नाही. मी आनंदात आहे. माझी काळजी करू नये."

मोबाइलच्या स्क्रीनवर नऊ वर्षांची पायल खुर्चीत ताठ बसून हे म्हणाली आणि मी हातातलं पेन खाली ठेवलं. केस तेल लावून चापून बसवलेले, फ्रॉक इस्त्रीचा, मागे भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर. कुठूनतरी पिठाच्या चक्कीचा आवाज येत होता. बघायला सगळं ठीक होतं. खटकला तो 'येथे'. मोताळा तालुक्यातलं नऊ वर्षांचं लेकरू 'येथे' म्हणत नाही, 'अठी' म्हणतं. बालगृहात होती तेव्हा हीच पायल मला फाटकातच अडवून विचारायची, "मॅडम, तुमी काऊन घडी घडी येता?" आणि आता ही पोरगी 'काळजी करू नये' म्हणत होती. तलाठ्याची नोटीस वाचावी तशी.

मी बुलढाण्याला संरक्षण अधिकारी आहे. नाव भारदस्त आहे, पण काम म्हणजे पायपीट. ज्या मुलांना सांभाळायला घरचं कुणी नाही त्यांच्यासाठी घर शोधायचं, आणि मिळालेल्या घरात मूल कसं आहे ते बघत राहायचं. याला फोस्टर केअर म्हणतात. कागदावर 'प्रतिपालकत्व' असतं, पण तो शब्द आमच्या शिपायापासून साहेबापर्यंत कुणीच वापरत नाही. दत्तक वेगळं. दत्तक मूल कायद्याने त्या घरचं होतं. फोस्टरमधलं मूल मुदतीपुरतं सांभाळायला दिलेलं असतं. मुदत संपत आली की बाल कल्याण समिती बसते, म्हणजे मुलांपुरतं आमचं कोर्टच म्हणा, आणि मूल तिथंच ठेवायचं की बालगृहात परत आणायचं ते ठरवते. ठरवताना माझा अभिप्राय मागते.

पायलचे वडील वारलेले. आई नागपूरला मानसिक आजाराचे उपचार घेत होती आणि बरी व्हायला वेळ लागणार होता. धामणगाव बढ्याच्या शोभाताई आणि अशोकभाऊ यांनी पायलला घरी नेलं. त्यांची पिठाची चक्की, आणि सम्यक नावाचा बारा वर्षांचा मुलगा. माणसं चांगली वाटली. पायल त्यांच्याकडे गेली आणि थोड्याच दिवसांत लॉकडाउन लागला.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. घरी भेट देताना मी प्रश्न फार विचारत नाही. न सांगता जाते, पाणी मागते आणि बसून राहते. पाणी आणायला मूल न विचारता स्वयंपाकघरात जातं का? डबा उघडायला परवानगी मागतं का? त्याच्या चपला घरच्यांच्या चपलांत पडलेल्या असतात, की वेगळ्या, कोपऱ्यात? एवढ्यावर पुष्कळ कळतं. लॉकडाउनमध्ये भेटी बंद झाल्या आणि वरून आदेश आला, व्हिडिओ कॉल करा. व्हिडिओ कॉलवर चपला दिसत नाहीत. एक डोकं दिसतं आणि मागची भिंत.

पुढच्या कॉललाही तीच खुर्ची आणि तीच तीन वाक्यं. मी मुद्दाम वेगळं विचारलं, "काय जेवलीस?" तिने कॅमेऱ्याच्या जरा वर बघितलं. तिथे कुणीतरी उभं होतं. मग उत्तर आलं, "मी पोटभर जेवण केले."

आमच्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "त्रास नाही म्हणते ना? मग 'नो कम्प्लेंट' लिहा आणि पुढचा कॉल लावा."

"सर, ती पाठ केलेलं बोलतेय."

"पोरगी शुद्ध बोलायला शिकली तर तुम्हाला त्यातही संशय?"

मी मूळची साताऱ्याची. माझ्यासमोर लोक शुद्ध बोलायचा प्रयत्न करतात हे मला माहीत आहे. पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. पूर्वी एका घरातलं मूल प्रत्येक भेटीत 'सगळं छान' म्हणायचं, आणि तिथे काहीच छान नव्हतं. त्यामुळे जे मूल कधीच कुरकुर करत नाही त्याची मला धास्ती वाटते. पायलची मुदत संपत आली होती. समितीच्या अध्यक्षांनी अभिप्राय मागितला. मी मनाशी ठरवत आणलं होतं, परत आणा म्हणून लिहायचं. बालगृहात गर्दी नको म्हणून त्या वेळी उलट मुलांना घरी पाठवणं चाललं होतं. तरीही. निदान तिथे ती माझ्या डोळ्यांसमोर राहिली असती.

अभिप्राय लिहायला बसणार तेवढ्यात मुलांच्या हेल्पलाइनवरून फोन आला. धामणगाव बढ्याहून एका मुलीने स्वतः फोन लावला होता. नाव पायल. तक्रार अशी, की घरात मारतात, मोबाइल हिसकावून घेतात, आणि जेवायलाही कमी देतात. ज्याची भीती होती तेच झालं असं वाटलं, आणि त्याहून वाईट म्हणजे आपण वेळेत गेलो नाही असं वाटलं.

अशी तक्रार आली की व्हिडिओ कॉल चालत नाही, जावंच लागतं. पास काढला, ऑफिसची जीप घेतली, निघाले. मोताळ्याजवळच्या नाक्यावर पोलिसाने पास उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "लहान पोरीसाठी एवढ्या उन्हात? पेशंट हाय का?" मी म्हटलं, नाही, अजून नाही. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

घरापुढे पोचले तर चक्की बंद होती. अंगणात खाटेवर कुरड्या वाळत घातलेल्या. मी येतेय आणि कशासाठी येतेय हे फोनवर कळवावं लागलं होतं, कारण गावात बाहेरचं माणूस घेत नव्हते. आत जायची मुभा नव्हतीच. लिंबाच्या झाडाखाली मला खुर्ची टाकली होती, आणि खुर्चीशेजारी पायलची बॅग भरून ठेवली होती. कपडे, पुस्तकं, वर दोरीने बांधलेली पांघरायची गोधडी.

शोभाताई दारात उभ्या होत्या. रडून रडून डोळे सुजलेले. अशोकभाऊ खाली बघत होते.

"घेऊन जा मॅडम," शोभाताई म्हणाल्या. "पोरीनं सोताच फोन लावला, आता आमी काय बोलाव? फक्त गोधडी तिले द्याल. तिच्याबिगर झोपत नाई ते."

मी काही बोलायच्या आत पायल घरातून बाहेर आली. केस विस्कटलेले, फ्रॉकवर आंब्याच्या रसाचे डाग. हातात पाण्याचा तांब्या. तो तिने माझ्यापासून चार हातांवर ठेवला आणि मागे सरकून उभी राहिली, कोरोनाचे नियम पाळून. मग तिची नजर बॅगेवर गेली.

"हे माही बॅग काऊन काढली?"

मीच म्हटलं, "तू तक्रार केलीस ना, की तुला मारतात. म्हणून मी आले. कोण मारतं?"

"हा," तिने चौकटीमागे लपलेल्या सम्यककडे बोट केलं. "माह्या ऑनलाइन शाळेच्या टायमाले मोबाइल वढून घेते अन् गेम खेयते. मी सोडला नाई त माहा हात पिरगायला. अन् काल सरगुंडे केले होते. आमरस वाढताना त्याले दोन वाट्या, मले एकच."

"त्याने माझा चावा घेतला ते पण विचारा," सम्यक आतून म्हणाला. तोही शुद्धच बोलायच्या प्रयत्नात होता, पण रागाच्या भरात 'तिने'चं वऱ्हाडी वळणाने 'त्याने' झालं.

सरगुंडे म्हणजे हाताने वळून काडीवर गुंडाळलेली घरगुती शेवई, उन्हाळ्यात आमरसाबरोबर खातात. नाक्यावरच्या पोलिसाला ही तक्रार सांगितली असती तर त्याने मला परत पाठवलं असतं.

मी विचारलं, "मग मोठ्या माणसांना का नाही सांगितलंस? थेट हेल्पलाइन?"

"तुमीच त म्हणलं होतं, कोनी मारलं त हा नंबर लावजो."

म्हटलं होतं. सगळ्याच मुलांना म्हणते. कोण मारतं याचा तपशील त्यात नव्हता.

"बरं पायल, मग आता काय करू या?"

ती बॅगेपाशी गेली, बॅग उचलून पोटाशी धरली आणि मला समजावल्यासारखं म्हणाली, "तक्रार मी केली न मॅडम? मंग मले काऊन नेता? याले घेऊन जा न."

शोभाताई मटकन उंबऱ्यावर बसल्या आणि पदरात तोंड घालून हसू लागल्या. हसता हसता पुन्हा रडल्या. अशोकभाऊ घाईघाईने चक्कीकडे गेले, उगाचच पट्टा ओढून पाहू लागले. माझंही मास्कच्या आत काय चाललं होतं ते कुणाला दिसलं नाही, बरंच झालं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तसे आम्ही सगळे मोठे शहाणे चुकीच्या पोराची बॅग भरून बसलो होतो. पाहुणं मूल वाढलं तेवढं खातं आणि गप्प बसतं. दुसऱ्या वाटीसाठी भांडायला घर आपलं वाटावं लागतं.

मग मी 'येथे'चं विचारलं. शोभाताई ओशाळल्या. "तुमी साताऱ्याकडच्या. हे आपलं वऱ्हाडी बोलली असती त तुमी म्हनले असते, या लोकायनं पोरीले काई शिकोलं नाई. म्हनून मी पाठ करून घेत होती. सम्यकच्या पुस्तकातून पाहून लिहून देल्ली होती वाक्यं."

मी म्हटलं, "शोभाताई, त्या तीन वाक्यांपायी मी तिला परत न्यायला निघाले होते."

त्यांनी कपाळावर हात मारला.

नियमाप्रमाणे मी पायलशी एकटीशी बोलले, दोघींत अंतर ठेवून, लिंबाखालीच. आई कधी बरी होईल हे तिने विचारलं. मलाही माहीत नाही असं सांगितलं. आईशी फोन लावून द्यायचं कबूल केलं आणि तो पुढच्या आठवड्यात लावूनही दिला. बाकी तिला इथून कुठेही जायचं नव्हतं. सम्यकला मात्र पाठवून द्यावं यावर ती ठाम होती.

समितीची बैठक फोनवरच झाली. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, मुलीची स्वतःची तक्रार आहे, आणि तुम्ही तिथंच ठेवा म्हणता?"

"सर, तक्रार आहे म्हणूनच म्हणते." आणि सगळी हकिकत सांगितली. आमरसाच्या वाट्यांपर्यंत आल्यावर पलीकडे कुणीतरी खोकल्याचा बहाणा करून हसलं. अध्यक्षांनी पायलशी स्वतः बोलून घेतलं आणि मुदत वाढवून दिली.

त्यानंतर मी फोस्टर घरातल्या मुलांना 'काही त्रास आहे का' हे विचारणं सोडलं. त्याचं उत्तर मोठी माणसं पाठ करून घेतात. आता विचारते, "या आठवड्यात भांडण कुणाशी झालं?" मूल भांडण नाही म्हणालं की त्या घरी आधी जाते.

मुदत वाढल्याची ऑर्डर शोभाताईंच्या मोबाइलवर पाठवली आणि मग मीच फोन केला. पायलनेच उचलला. मी म्हटलं, "तू तिथेच राहणार आहेस गं, समितीच्या साहेबांनी ऑर्डर काढली."

"हाव, ते मायनं सांगतलं," ती म्हणाली. "पन माह्या तक्रारीचं काय झालं?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत मला एवढं तयार उत्तर कधी सुचलं नव्हतं. मी म्हटलं, "चौकशी चालू आहे."