काकांच्या खुंट्या

ढिगावर इतकं प्रेम करणारा आणि ढिगाला इतकं घाबरणारा दुसरा माणूस सगळ्या विरारमध्ये झाला नसेल. यात थोडी अतिशयोक्ती असेल, पण आमच्या समोरच्या बिल्डिंगमधले काका ज्यांनी पाहिलेत, ते मला हसणार नाहीत. काकांची सगळी नोकरी चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीत गेली. कोळशावरची माती आणि दगड उकरून बाजूला टाकतात, त्याचे टेकडीएवढे ढीग होतात. ते उभे राहतील की घसरतील हे रोज वर चढून बघायचं, हे काकांचं काम. निवृत्त होऊन ते मुलाकडे इथे फुलपाड्याला आले तेव्हा खाण मागे राहिली, सवय मात्र सामानाबरोबर आली.

वाणी तांदळाच्या राशीतून खालून माप भरायला लागला की काका त्याचा हात धरत. "पायथा काढू नको रे बाप्पा, वरून घे." भातात खळगा करून वरण घ्यायला त्यांचा सक्त विरोध होता, कारण माथ्यावर पाणी साचलं की ढीग बसतो. वरण ते वाटीत वेगळं घेत आणि भाताच्या कडेकडेने जेवत. काकू म्हणायच्या, लग्न झाल्यापासून या माणसानं सुखानं वरणभात खाल्लेला नाही. त्यांच्या खिशात कायम एक कोनमापक असे, त्याच्या मध्यातून दोरा सोडलेला आणि दोऱ्याला वजन म्हणून नट बांधलेला. रस्त्यात बांधकामाची रेती दिसली की एक डोळा मिटून ते उताराचा कोन बघत आणि सुस्कारा सोडत. चांगल्या ढिगालाही सुस्कारा, वाईटालाही. मला वाटतं ते फार दमले होते, पण बघणं सोडवत नव्हतं.

आमची पाच खोल्यांची चाळ टेकडीच्या पायथ्याशी आणि पाठीमागे बंद पडलेल्या दगडखाणीचा राडारोडा, तीन मजले उंच. आम्ही त्याला वाऱ्याचा आडोसा समजायचो. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच, तोही सिव्हिलला, म्हणून काकांनी मला धरलं. ढिगाच्या माथ्यावर एक भेग होती. तिच्या दोन्ही बाजूंना त्यांनी एकेक खुंटी ठोकली आणि रोज सकाळी दोन खुंट्यांमधलं अंतर टेपने मोजून वहीत लिहायचं ठरलं. अंतर वाढलं म्हणजे ढीग सरकतोय.

आता अशी पक्की खुंटी रिकामी दिसल्यावर आई थोडीच सोडणार? तिने डोंगराकडच्या खुंटीपासून वरच्या आंब्याच्या झाडापर्यंत दोरी बांधली आणि ओली गोधडी वाळत टाकली. खुंटी झाडाकडे ओढली गेली. अंतर चार बोटं वाढलेलं बघून काका धापा टाकत खाली आले आणि त्यांनी पाचही घरं रस्त्यावर काढली. दोन तासांनी मला दोरी दिसली. आई म्हणाली, "डोंगर नाही सरकला काका, माझी गोधडी सरकली." चाळ महिनाभर हसत होती.

पुढच्या श्रावणात काका नातवाच्या बारशाला मुलीकडे नागपूरला आठ दिवस गेले. वही माझ्याकडे आली. पाच दिवस मी इमानाने चढलो. मग तोंडी परीक्षा आली, पावसाची झड लागली, आणि खरं सांगायचं तर मला चढताना बघून पोरं "आला गोधडी इंजिनीअर" म्हणायची, त्याची लाजही वाटायची. कॉलेजात आम्ही प्रयोगाचे आकडे सिनिअरच्या जर्नलमधून उतरवतोच. तसाच तीन दिवस घरात बसून मी आदल्या दिवशीचा आकडा उतरवला.

काका आल्या आल्या वही घेऊन बसले. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "काऊन रे, तीन दिवस झड होती अन् केसभरही फरक नाही?" ते रागावले असते तर बरं झालं असतं. काठी घेऊन ते वर निघाले, मागे मी. अंतर तीन बोटं वाढलं होतं, आणि या वेळी दोरी नव्हती. खाली आमच्या मोरीमागची जमीन फुगली होती, म्हणजे ढीग पायथ्याशी रेटत होता.

काकांनी चाळीत सांगितलं तर सगळे हसले. आईने दोन्ही हात दाखवून सांगितलं की तिने आज काही धुतलेलं नाही. काका ओट्यावर टेकले. त्यांच्या शब्दाला किंमत उरली नव्हती आणि माझ्या शब्दाला अजून थोडी होती.

"आई, वहीतले तीन आकडे खोटे आहेत," मी म्हणालो. "मी वर गेलोच नव्हतो."

"एवढं शिकून?" आई इतकंच म्हणाली आणि आत जाऊन गाद्या गुंडाळायला लागली. तिच्यामागून बाकीची चार घरं निघाली.

अकरा दिवस आम्ही देवळाच्या सभामंडपात राहिलो. वाळीवच्या कारखान्यातून परत आलेले बाबा आणि शेजारी काकांच्या सांगण्यावरून माथ्यावरचं पाणी काढायला चर खणत. काका दिवसातून तीनदा चढून मोजत. बायका विचारत, "काका, तुमचा ढीग येतोय की नुसत्या पत्रिका पाठवतोय?" बाराव्या दिवशी, अंतर वाढायचं थांबल्यावर, त्यांनी आम्हाला घरी पाठवलं. ढीग पडला नाही. उगाच हाल केले, असं चाळीने ठरवलं. वाईट नाही वाटत का, असं मी काकांना घाबरतच विचारलं.

"काही झालं नाही म्हणून लोकं शिव्या देतात," काका म्हणाले, "एवढंच मिळते आमच्या कामात."

दिवाळीनंतर डंपर लावून तो ढीग उचलला गेला. पुढच्या वर्षी काका-काकू मुलीकडे राहायला गेले. जाताना वही मला दिली. मी ती तीन पानं भीतभीत उघडली. माझे आकडे त्यांनी खोडले नव्हते. प्रत्येकासमोर बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'पाहिले नाही'. परवा माझा एक प्रयोग बुडाला. मित्राने जर्नल पुढे केलं, तेव्हा मीही माझ्या जर्नलमध्ये तेच दोन शब्द लिहिले.

गेल्या आठवड्यात काकूंचं पत्र आलं. तब्येत बरी आहे, गुडघे दुखतात म्हणून हे घराबाहेर पडत नाहीत, आणि हल्ली भातात खळगा करून वरण घेतात, काही बोलत नाहीत. काकूंनी ते आनंदाने लिहिलं होतं. मलाही आनंद व्हायला हवा होता.